गोधडीची पाठ

गोधडी पारखायची झाली की जाणती बाई ती आधी उलटी करते. वरची बाजू कोणीही सजवते. तिथे रंगीत तुकडे असतात, लुगड्याचा जरासा बरा राहिलेला पदर असतो, कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळे असतात. खरी परीक्षा पाठीवर होते. टाके खालपर्यंत पोचले आहेत का, कापडाला चुणी पडली आहे का, दोरा कुठे तुटला आणि कुठे सांधला, हे सगळे तिथे उघड असते. आपल्या संतांनीही माणसाची पारख अशीच केली आहे. म्हणून खानदेशातल्या गोधडीची पाठ आणि तिच्यावरच्या चुका यांचा विचार आज संतांच्या संगतीने करू.

खानदेश हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे या भागात पोचली. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले, कापड गिरण्याही उभ्या राहिल्या. एवढा कापूस पिकवणाऱ्या घरात रात्रीचे पांघरूण मात्र जुन्या कापडाचेच असे. नवा कापूस बैलगाडीत भरून बाजाराला जाई. पिंजाऱ्याला बोलावून गादी आणि रजई भरून घेणे ही ऐपतीच्या घरची गोष्ट. बाकी घरांत विरलेली लुगडी, धोतरे, पोरांची आखूड झालेली आंगडी, सगळे एका गाठोड्यात साठत जाई. सुगी आटोपली, उन्हाळ्याची दुपार लांबली, की ते गाठोडे सुटे आणि घरात सुई-दोरा निघे.

सारवलेल्या जमिनीवर आधी खालचे लुगडे पसरायचे. चारही कोपऱ्यांवर काही जड ठेवून ते ताणून घ्यायचे. त्यावर जुन्या कापडांचे थर. लुगडे मध्ये विरते, काठ आणि पदर जास्त टिकतात. म्हणून विरलेला भाग आत जातो आणि टिकाऊ भाग बाहेर येतो. वर पुन्हा एखादे बरे लुगडे, नाहीतर तुकडे जोडून केलेला थर. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत, मध्यापर्यंत यायचे.

शिवणारीचा एक हात वर असतो, दुसरा गोधडीखाली. सुई वरून दिसते, पाठ दिसत नाही. खाली काय चालले आहे ते तळव्याला जेवढे लागेल तेवढेच कळते. त्यामुळे बहुतेक चुका पाठीवर होतात. खालचे कापड दुमडते आणि त्यावरच टाका बसतो, तिथे चुणी पडते. सुई शेवटच्या थरापर्यंत जात नाही, तिथे टाका पोकळ राहतो. दोरा संपतो आणि गाठ बाहेर राहते, ती अंगाला टोचते.

तिन्हींवर उपाय आहेत. गाठ असेल तर सुई दोन थरांच्या मधून थोडी सरकवून ती आत ओढून घ्यायची. हे लपवणे खोटे नव्हे, कारण गाठ आत राहून आपले काम करतच असते, फक्त कोणाला टोचत नाही. टाका पोकळ असेल तर त्याच जागी पुन्हा खोल टाका घालायचा. चुणी असेल तर मात्र उसवावे लागते. दहा-वीस टाके वाया जातात, कापड तळहाताने सारखे करायचे आणि पुन्हा शिवायचे. याखेरीज आणखी एक सोपा उपाय असतो. चुकलेल्या जागेवर एक तुकडा वरवर ठेवायचा, कडेने चार टाके घालायचे आणि मोकळे व्हायचे. चूक झाकली जाते, पण पहिल्या धुण्यापर्यंतच. भिजलेल्या गोधडीचे सगळे वजन त्या जागेवर आले की ठिगळ निघते, आतले थर सुटतात आणि चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात.

म्हणूनच अगदी कोऱ्या, गुळगुळीत पाठीवर जाणती बाई विश्वास ठेवत नाही. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला असेल तर तो पाठीवर दिसणारच. पाठ स्वच्छ दिसते याचा अर्थ टाके वरच्या वरच राहिले आहेत. झाकण्यासाठी घातलेला टाका वरच्या थरात थांबतो, सांधण्यासाठी घातलेला टाका पार पलीकडे जातो.

या वस्त्राला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. संस्कृतात त्याचे नाव कंथा. बंगालात आजही जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पांघरुणाला कांथा म्हणतात, आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ म्हणतात. कंथा हे नाथपंथी योग्याच्या वेषातले एक वस्त्र आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ या परंपरेतून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानोबा माउलींकडे जे ज्ञान आले, ते अशा ठिगळांच्या वस्त्रातल्या माणसांनी वाहून आणले होते. कर्जतचे संत गोदड महाराज तर नावातच गोधडी घेऊन बसले आहेत. नव्या अखंड वस्त्रापेक्षा जोडून जोडून केलेले वस्त्र साधूला जवळचे वाटले, कारण त्यात काही लपवलेले नसते. किती ठिकाणी फाटले आणि किती वेळा शिवले, ते कोणीही मोजून घ्यावे.

आपल्या संतमंडळीत शिवणकामाचे मर्म जाणणारे एक घर होते. नामदेवराय जातीने शिंपी. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा ही घरची अवजारे नामस्मरणाच्या कामाला लावली आहेत. या शिंप्याचीच एकदा संतांनी पाठ उलटून पाहिली. गोरोबाकाकांनी थापटणे हातात घेऊन सगळ्यांची डोकी थापटली. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि मुक्ताईच्या सभेत ते मडके कच्चे ठरले. प्रत्यक्ष देव ज्यांच्याशी बोलतो त्यांना असे भर मंडळीत ऐकावे लागले.

ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. तिच्यातली पुढची गोष्ट विशेष आहे. नामदेवरायांना ही गोष्ट झाकता आली असती. देवाच्या लाडक्या भक्ताला कोण विचारणार होते? ते आधी देवाकडे गेले, देवाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि तिथे त्यांनी आपले अहंकाराचे टाके उसवून घेतले. पुढे त्यांच्या मोठेपणाची कथा जिथे जिथे सांगितली गेली, तिथे तिथे त्यांच्या कच्चेपणाचीही कथा सांगितली गेली. सातशे वर्षे वारकऱ्यांनी ती पुसली नाही. नामदेवांचा मोठेपणा तिने उणा झाला नाही, उलट तो खरा ठरला.

हा प्रसंग घडवणारी मुक्ताई आपल्या खानदेशाची माउली झाली. परंपरा सांगते की ज्ञानोबा माउलींच्या समाधीनंतर निवृत्तिनाथ धाकट्या बहिणीला घेऊन तापीकाठी आले. बरोबर संतमंडळी होती, नामदेवही होते. मेहूण-कोथळीच्या परिसरात शके १२१९ मध्ये, म्हणजे इ.स. १२९७ मध्ये, विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाली. जिने आपले मडके कच्चे ठरवले तिला निरोप देण्यासाठी शिंपी इतक्या दूर चालत आला. ज्याने आपली चूक दाखवली त्याच्याविषयी मनात अढी राहिली असती, तर ही वाट त्याला चालता आली नसती.

तिथून जवळच तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, आणि संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. चांगदेवांची कथा चुकीच्या भीतीची कथा आहे. चौदाशे वर्षांचे योगसामर्थ्य असलेल्या त्या योग्याला ज्ञानोबांना पत्र लिहायचे होते. मायना काय घालावा, तेच ठरेना. आशीर्वाद लिहावा तर ते ज्ञानाने मोठे, नमस्कार लिहावा तर ते वयाने लहान. चूक होऊ नये म्हणून त्यांनी कागद कोराच पाठवला. मुक्ताईने तो पाहिला आणि इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले म्हणून हसली. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून माउलींनी ६५ ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी.

कोरा कागद म्हणजे एकही टाका नसलेली गोधडी. तिच्यात चूक नाही, पण ती पांघरताही येत नाही. चुकेल या भीतीने सुईच हाती न घेणारे कितीतरी जण आपल्यात असतात. पाठांतर चुकेल म्हणून हरिपाठाला मागे बसतात, ताल चुकेल म्हणून टाळ उचलत नाहीत. चांगदेवांचे मोठेपण असे की कोरेपण दाखवून दिल्यावर ते रुसले नाहीत. त्यांनी वयाने लहान असलेल्या मुक्ताईला गुरू केले. आज तापीच्या त्याच खोऱ्यात गुरू आणि शिष्य दोघांची ठाणी जवळजवळ आहेत, आणि वारकरी दोन्हीकडे माथा टेकतो.

कापडावरच्या चुकीसारखीच कागदावरची चूक. जुन्या पोथ्या हातकागदावर बोरूने लिहिल्या जात. अक्षर चुकले की त्यावर हरताळ फासत. हरताळ म्हणजे पिवळे खनिज. त्याचा लेप दिला की अक्षर दिसेनासे होई. आज आपण एखाद्या नियमाला हरताळ फासला असे म्हणतो, तो शब्द या लेखनिकांच्या हातातून आला आहे. दुसरी रीत होती काकपदाची. जिथे शब्द सुटला तिथे कावळ्याच्या पावलासारखी खूण करायची आणि सुटलेला शब्द समासात लिहायचा. हरताळाने चूक झाकली जाई. काकपदाने ती दिसत राही आणि दुरुस्तही होई. अशा जुन्या पोथ्या गोळा करण्यात आयुष्य घालवलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे जुनी कागदपत्रे सांभाळत आले आहे. ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत त्यांनी १९०९ साली छापून काढली होती.

ज्ञानेश्वरीच्या दुरुस्तीचे सर्वांत मोठे काम मात्र त्याआधी सव्वातीनशे वर्षे पैठणला झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षे हातोहात नकला होत होत ग्रंथात पाठभेद शिरले होते. काही ओळी विस्कटल्या होत्या, काहींनी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या होत्या. नाथांनी त्या चुण्या उसवल्या आणि ग्रंथ सारखा केला. त्यांचा अधिकार एवढा होता की त्यांनी हे काम मुकाट्याने केले असते तरी कोणी विचारले नसते. पण शेवटी ओव्या लिहून त्यांनी शक सांगितला, आपण काय केले ते सांगितले आणि का केले तेही सांगितले. पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. म्हणजे दुरुस्ती झाली, आणि दुरुस्तीचा टाका पाठीवर ठळक ठेवला. ज्ञानेश्वरीचे पारायण संपवताना आपण त्या ओव्याही म्हणतो, तेव्हा खरे तर नाथांनी घातलेला तो टाका हाताने चाचपून पाहत असतो.

आता एक अवघड गोष्ट. संतांची पाठ तपासली, पोथीची तपासली. आपल्या संप्रदायाचीही एक पाठ आहे, आणि तिच्यावर एक मोठी चुणी होती. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेले, ते शके १२६० मध्ये, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आपण तिथे भक्तीने वाकत आलो. पण चोखोबा जिवंतपणी ज्या दाराच्या आत जाऊ शकले नाहीत, त्या दारातून त्यांच्या समाजालाही पुढे सहाशे वर्षे जाता आले नाही. समाधीपुढे ठेवलेले आपले मस्तक खरेच होते. तरी त्या मस्तक ठेवण्याने आतल्या अन्यायावर वरवरचे ठिगळ लागत राहिले. चोखोबांचे अभंग गायचे आणि दार बंद ठेवायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालले.

ही चुणी उसवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या साने गुरुजींचे खानदेशाशी जवळचे नाते होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने देखभाल करत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा शेजारी बसून ती उतरवून घेणारे साने गुरुजीच. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून ते आधी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावच्या लोकांशी बोलले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी, १० मे रोजी, ते सुटले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. उपोषणाला विरोध झाला, कडवटपणा झाला. उसवताना टाके तुटतातच. पण उसवायला बसलेल्या त्या माणसाला जागा दिली ती एका वारकरी मठाने, हे आपण विसरू नये. संप्रदायाच्या पाठीवरचा हा टाका झाकण्यासारखा नाही. तो आपल्या मुलांना दाखवावा. चूक केवढी होती ते सांगावे आणि ती कशी सांधली गेली तेही सांगावे.

शेवटी जनाबाईंच्या वाकळेकडे येऊ. महिपतीबुवांनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तिविजयात ही कथा आहे. विठुराया रात्री जनीच्या खोपटात आले, तिच्याबरोबर दळले. पहाट झाली तशी घाई झाली आणि घाईत चूक झाली. आपले पदक तिथेच राहिले आणि जनीची वाकळ अंगावर घेऊन देव राउळात गेले. काकड्याला बडव्यांनी पाहिले तर पदक नाही. शोधता शोधता ते जनीकडे सापडले. तिला चोर ठरवून चंद्रभागेच्या वाळवंटात सुळापाशी नेले, आणि सुळाचे पाणी झाले.

या कथेत सगळ्यांचे लक्ष पदकाकडे जाते. आपण जरा वाकळेकडे पाहू. गोधडी अंथरली की तिची पाठ जमिनीला लागते, आणि पांघरली की ती अंगाला लागते. जनीने चिंध्या जोडून शिवलेली ती वाकळ, तिच्यातल्या चुण्या, राहिलेल्या गाठी, तुटून पुन्हा सांधलेले दोरे, हे सगळे त्या पहाटे देवाच्या अंगाला लागले. वरची बाजू लोकांनी पाहिली, पाठ फक्त देवाला कळली. आणि देवाने ती काढून फेकली नाही. आपण जे जगापासून लपवतो ते देवाला आधीच लागलेले असते. मग झाकण्याचा खटाटोप कोणासाठी करायचा?

आषाढीच्या वाटेवर मुक्ताईची पालखी तापीकाठाहून निघते. मानाच्या पालख्यांत तिचा प्रवास फार लांबचा. खानदेश सोडून बुलढाणा, जालना, बीड अशा मजला मारत महिनाभर चालून ती पंढरीला पोचते. अमळनेरहून सखाराम महाराजांच्या संस्थानची वारीही पायीच जाते. दिंडीच्या सामानात कितीतरी गोधड्या असतात. आता त्या यंत्रावरही शिवतात, लुगड्यांच्या जागी नायलॉनच्या साड्या आल्या आहेत, कापड सुईखाली निसटते आणि चुण्या आणखीच पडतात. मुक्कामी गोधडी उलगडताना तिची पाठ एकदा निरखून पाहावी. आपल्याकडून या वर्षी कोणाला टोचणारी गाठ बाहेर राहिली आहे का, कुठला टाका वरच्या वर घातला आहे, भावाशी, सुनेशी, दिंडीतल्या सोबत्याशी झालेल्या कुठल्या चुकीवर आपण नुसते ठिगळ ठेवले आहे, ते आठवावे. गाठ असेल तर आत घ्यावी, टाका पोकळ असेल तर खोल घालावा. चुणीच असेल तर उसवावे आणि ज्याच्याशी चुकलो त्याच्या पायांवर डोके ठेवावे. वारीत एकमेकांच्या पाया पडण्याची जी रीत आहे ती याच्यासाठीच आहे. सुई लहान आहे, दोरा नामाचा आहे, आणि पंढरीपर्यंत वाट पुष्कळ आहे.

रामकृष्णहरी.